राहणं फुकट, पण धार सहालाच

प्रश्न : ताई, आम्ही चौघं आहोत. मी, नवरा, ११ वर्षांची मुलगी आणि ६ वर्षांचा मुलगा. ओळखीतून एका शेतावर दहा दिवस राहायचं बोलावणं आलंय. शेत नुसतं दाखवण्यापुरतं नाही, खरोखर चालतं आहे : ८ दुभत्या गाई, ३२ कोंबड्या, एक कुत्रा, भाजीचे वाफे. सगळ्यांत जवळचं दुकान १८ किलोमीटरवर. राहायला वेगळी खोली, तीही फुकट. ‘फक्त थोडी मदत करा’ असं म्हणालेत. नवऱ्याचं म्हणणं, फुकट काही नसतं, त्यापेक्षा सरळ पैसे भरून कुठेतरी जाऊ. मुलं मात्र वासराचं नाव ठरवूनसुद्धा बसली आहेत. जावं का? आणि ‘थोडी मदत’ म्हणजे नक्की किती समजायची?
— दोन मुलांची आई

उत्तर : वासराचं नाव आधीच ठेवलेलं असणार, एवढं मुलांना आत्ताच सांगून ठेवा. बाकी जायला माझी हरकत नाही.

तुमच्या नवऱ्याचं म्हणणं चुकीचं नाही. (नवऱ्यालाही यजमान म्हणतात आणि ज्याच्या घरी उतरायचं त्यालाही. घोटाळा नको म्हणून या उत्तरात यजमान म्हणजे शेतवाले.) खोलीचं भाडं तुम्ही वेळ देऊन फेडणार आहात, आणि ती वेळ तुमच्या सोयीची नसणार. दुभत्या गाईची धार दिवसातून दोनदा, साधारण १२ तासांच्या अंतराने काढावी लागते. सकाळी सहाला काढली तर संध्याकाळी सहाला. मग त्या दिवशी रविवार असो, पाऊस असो, की रात्री मुलांनी झोपू दिलेलं नसो. उशीर झाला की कास तटतटून येते, गाय हंबरायला लागते, आणि असं वारंवार झालं तर दगडी (कास सुजून दुखण्याचा आजार) व्हायला वेळ लागत नाही. मग औषधं, आणि औषध चालू असेतो त्या गाईचं दूध ओतून द्यायचं.

मी हा प्रकार दोन्ही बाजूंनी पाहिलाय. मुलं लहान असताना आम्ही असेच पाहुणे म्हणून जायचो. पुढे आम्ही शेतीच पत्करली आणि मग बरीच वर्षं आमच्याकडे अशी कुटुंबं येऊन राहिली.

पाहुणी म्हणून माझी पहिली सकाळ काही विसरत नाही. मी हट्टाने धारेला बसले. बादली गुडघ्यांत धरली, कास कोमट पाण्याने धुऊन पुसली, शिकवल्याप्रमाणे अंगठा आणि तर्जनीने सड वरून आवळला आणि बाकीची बोटं एकेक करून खाली मिटत आणली. चार-पाच चिळकांड्या बादलीत वाजल्या आणि मग काही नाही. गाय मान वळवून माझ्याकडे बघत होती. तिने पान्हा चोरला होता. अनोळखी हात, अनोळखी वास आणि शेजारी अवघडून बसलेलं माणूस, एवढं गाईला पुरतं. घाबरली की पान्हा सोडवणारं ऑक्सिटोसिन काम करेनासं होतं. दूध कासेत असतं, पण उतरत नाही. घरच्या बाई काही बोलल्या नाहीत. मला उठवलं, दोन मिनिटं गाईच्या मानेखाली खाजवत उभ्या राहिल्या, मग स्वतः बसल्या. पंधरा मिनिटांचं काम चाळीस मिनिटांवर गेलं आणि दूध न्यायला आलेली गाडी बाहेर थांबून राहिली. दुसऱ्या दिवशी मला कॅन घासायला दिले. पुढचे सगळे दिवस मी कॅनच घासले. चौथ्या दिवसापासून ते असे निघत होते की बाईंना पुन्हा आत वाकून बघावं लागत नव्हतं. आमचं राहणं त्यांना तेव्हा कुठे परवडायला लागलं असेल.

हा हिशोब मला स्वतः यजमान झाल्यावर कळला. पहिले तीन दिवस शहरातून आलेलं कुटुंब मदत करत नसतं, काम वाढवत असतं. फावडं कुठे असतं, चारा कुणाला किती, कुठली गाय मारकी, हे सगळं एकीकडे सांगत एकीकडे आपलं काम उरकायचं. चौथ्या दिवशी फिटंफाट होते, आणि त्यानंतर जे हाती लागतं ती खरी मदत. म्हणून दोन दिवसांसाठी ‘मदत करतो, राहू द्या’ म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणायचे. दोन दिवस पाहुणे म्हणून या, चहा प्या, गाई बघा. तुमचे दहा दिवस मात्र अगदी बेताचे आहेत.

आता ‘थोडी मदत’ म्हणजे किती? या प्रकाराला जगभर एक वहिवाट आहे, तिच्यावर बोट ठेवता येतं. १९७१ साली लंडनमध्ये सेक्रेटरीची नोकरी करणाऱ्या सू कॉपर्ड यांना गावाकडची हवा हवी होती, पण जायला हक्काचं ठिकाण नव्हतं. त्यांनी ससेक्समधल्या इमर्सन कॉलेजच्या शेतावर शनिवार-रविवार काम करून राहायची सोय लावली. त्यातून वूफ ही सेंद्रिय शेतांची साखळी उभी राहिली. तिथली साधारण रीत अशी की रोज चार ते सहा तास हातभार लावायचा, बदल्यात जेवण आणि निवारा. पैसे कुणी कुणाला द्यायचे नाहीत. तुमचे यजमान त्या साखळीत नसले तरी आकडा तोच धरून बोलायला हरकत नाही. फक्त एक गोष्ट फोनवरच स्पष्ट करा. शेतवाले ‘दोन मोठी माणसं’ ऐकतात आणि मनात चार हात धरतात. तुमच्यापैकी एक जण दिवसभर धाकट्याच्या मागे असणार. तेव्हा ‘आम्ही दोघं मिळून रोज पाच तास, आणि मधे एक दिवस आमचा’ असं सांगा. ऐकायला कोरडं वाटेल, पण पाचव्या दिवशी तोंडं फुगण्यापेक्षा बरं. ठरलेलं एका मेसेजमध्ये लिहून पाठवा, म्हणजे दोघांकडे राहतं.

त्याच फोनवर जेवण कुणाचं तेही विचारा, कारण १८ किलोमीटरवरचं दुकान म्हणजे मीठ संपलं तरी अर्धा दिवस. संडास खोलीला लागून आहे की अंगणापलीकडे? पिण्याचं पाणी विहिरीचं असेल तर ते तपासलंय का? रात्री मूल आजारी पडलं तर दवाखाना किती लांब, आणि त्या वेळी गाडी तुमच्या हाताशी असेल का? या प्रश्नाला यजमान हसून ‘इथे कुणी आजारी पडत नाही’ म्हणाले तर मी जाणार नाही. जो नीट उत्तर देतो त्याच्याकडे बाकीच्या गोष्टीही बहुतेक नीट असतात, असा माझा अनुभव.

मुलांच्या बाबतीत सापांची भीती सगळे घालतात. मला धास्ती ट्रॅक्टरची. शेतावर माणसं दगावतात त्या अपघातांत वाहनं आणि यंत्रं कायम वरच्या क्रमांकावर असतात. ट्रॅक्टर मागे येताना चालवणाऱ्याला ६ वर्षांचं मूल दिसत नाही. मडगार्डवर बसवून एक चक्कर मारायची हौस यजमानांनाच जास्त असते, प्रेमाने बोलावतात, आणि नाही म्हणणं जड जातं. तरी नाही म्हणा. ब्रिटनमध्ये १३ वर्षांखालच्या मुलाला ट्रॅक्टरवर बसवायला कायद्यानेच मनाई आहे, हे कारण पुढे करा, म्हणजे तुम्ही वाईट होणार नाही. ट्रॅक्टरच्या मागचा फिरता पीटीओ शाफ्ट (इंजिनाची ताकद जोडलेल्या अवजाराला देणारा दांडा) तर ओढणी, नाडा, सैल बाही, जे मिळेल ते क्षणात गुंडाळून घेतो. तो सुरू असताना मोठ्यांनीही जवळ जायचं नाही. पोचल्या दिवशी सामान सोडायच्या आधी यजमानांबरोबर मुलांना घेऊन शेताला एक फेरी मारा. पाण्याची टाकी, शेणखड्डा, झटका कुंपण, कुत्र्याची साखळी कुठवर पुरते, वासराची आई कुठली. वासरू लहान असताना एरवीची गरीब गायही अंगावर येते. आणि गाईला बरोबर मागचं दिसत नाही, म्हणून जायचं ते खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत.

दुसरी गोष्ट साबण. अगदी ठणठणीत गाईच्या पोटातही ई. कोलाय या जंतूचा एक वाईट प्रकार असू शकतो. गाईला त्याचं काही नसतं, पण लहान मुलाच्या मूत्रपिंडांवर बेतू शकतं. जनावराला हात लावला, फाटकाला हात लावला, बूट काढले, की वाहतं पाणी आणि साबण. बाटलीतली जेल इथे पुरत नाही, चिखल-शेणाच्या हातावर तर नाहीच. धारोष्ण दुधाचं कौतुक तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. ऐकून घ्या, आणि मुलांना उकळूनच द्या. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतातच. मुलांच्या लशी झालेल्या असतील, तुमच्या दोघांच्या शेवटच्या इंजेक्शनला १० वर्षं उलटून गेली का तेवढं बघून डॉक्टरांना विचारा.

एवढं वाचून नको वाटायला लागलं असेल, तर कोंबड्यांचं सांगते.

प्रत्येक मुलाला एकच काम द्या, पण खरं द्या, म्हणजे त्याने नाही केलं तर खरोखर अडलं पाहिजे. आमच्या धाकट्याला पाच-सहा वर्षांचा असताना संध्याकाळी कोंबड्या मोजायचं काम मिळालं होतं. कोंबड्यांना अंधारात नीटसं दिसत नाही. दिवस मावळायला लागला की त्या आपल्या आपण खुराड्यात शिरतात आणि दांडीवर एकमेकींना ढकलत जागा धरतात. सगळ्या बसल्या की मोजायच्या आणि दार लावायचं, कारण बाहेर राहिलेली रात्रीतून कोल्ह्याची किंवा रानमांजराची होते. तो बोटाने हवेत मोजायचा, मधेच एखादी जागा बदलायची, मग पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या दिवशी एक कमी भरली. आम्ही म्हटलं, मोजायला चुकलास. तो काही हटेना. चार वेळा मोजून झाल्यावर घरच्या बाईंनी टॉर्च घेतला आणि सगळे निघालो. मोडक्या गाडीच्या चाकामागे गवतात सापडली. पिसं फुगवून, गुर्रर्र करत, अकरा अंड्यांवर खुडूक बसली होती. एकेक करून अंडी तिथे लपवत आली होती आणि कुणालाच पत्ता नव्हता. बाईंनी तिला अंड्यांसकट टोपलीत घालून आत घेतलं आणि मुलाला सांगितलं, २१ दिवसांनी पिल्लं येतील. आम्ही त्याआधीच निघणार होतो. त्या रात्री तो जेवला नाही, हे एक. पण पत्र आलं तेव्हा किती पिल्लं निघाली हे त्यानेच आधी वाचायचं, असं ठरलं होतं.

तुमच्या मुलीला अंडी गोळा करायला द्या. ११ व्या वर्षी ते काम नीट जमतं, आणि अंगाखालून काढलेलं अंडं किती गरम असतं हे हातात आल्याशिवाय कळत नाही.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त, तब्येती ठीक. ओळखीचं एक शेतकरी जोडपं आठ दिवस परगावी जाणार आहे. ‘घर वापरा, राहा, फक्त जनावरांकडे बघा’ असं म्हणतात. मुलगा आणि नातवंडंही येतील, म्हणजे सगळ्या कुटुंबाची सहल होईल. ४ गाई, १ म्हैस, कोंबड्या, २ कुत्रे. स्वीकारावं का?

उत्तर : कोंबड्या आणि कुत्रे, हो. दुभती जनावरं, नाही. निदान तुमच्यापैकी कुणी पूर्वी रोज धार काढत असल्याशिवाय नाही. मघाशी पान्ह्याचं सांगितलं ते म्हशीच्या बाबतीत तर दामदुपटीने खरं. धारेपुरता रोजचा ओळखीचा माणूस दोन्ही वेळा येणार असेल तरच हो म्हणा, आणि तो आजारी पडला तर दुसरा कोण, हेही विचारा.

ते निघायच्या आधी निदान दोन दिवस जाऊन राहा आणि सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत एकदा स्वतः करा. बघून समजलंसं वाटतं, पण दावं सोडताना गाठ उलटी बसते. कुठल्या जनावराला किती चारा आणि कधी, हे कागदावर लिहून गोठ्याच्या खांबाला टाचून घ्या. जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर हवाच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे यजमानांचा फोन लागला नाही तर डॉक्टरांना बोलवायचा अधिकार तुम्हाला आहे का आणि खर्च कुणाचा, हे आधी तोंडी नव्हे, लेखी ठरवा. गाय रात्री फुगली तर सकाळपर्यंत थांबता येत नाही.

सगळ्यांत जास्त लक्ष पाण्यावर ठेवा. दुभती गाय उन्हाळ्यात दिवसाला शंभर लिटरपर्यंत पाणी पिऊ शकते. हौदाचा फ्लोट (पाणी आपोआप सुरू-बंद करणारा तरंगता गोळा) अडकला आणि हौद कोरडा पडला हे नवख्याच्या दुपारपर्यंत लक्षात येत नाही. सकाळ-दुपार-संध्याकाळ हौदात हात घालून बघा. नातवंडांना हे काम आवडतं.

प्रश्न : परदेशात अशा शेतावर महिनाभर सहकुटुंब राहायचा विचार आहे. पैसे मिळणार नाहीत, फक्त राहणं-जेवण. मग पर्यटक व्हिसा चालेल ना?

उत्तर : पैसे मिळत नाहीत म्हणजे ते काम नाही, ही समजूत विमानतळावरून परत पाठवायला पुरेशी आहे. कामाच्या बदल्यात निवारा आणि जेवण याला अनेक देश कामच समजतात. ज्या देशात जाणार त्याच्या दूतावासाच्या अधिकृत माहितीवरून खात्री करा, यजमानांच्या ‘आमच्याकडे सगळे असेच येतात’ यावर नको. आणि आणखी एक. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका अशा देशांत उतरताना अलीकडे कुठल्या शेतावर जाऊन आलात का ते विचारतात. खरं सांगा. लाळ्या-खुरकुतासारखे रोग बुटाच्या तळाला लागलेल्या चिखलातूनही प्रवास करतात. निघण्याआधी बूट ब्रशने घासून, धुऊन, पूर्ण वाळवून घ्या.

प्रश्न : मी चार महिन्यांची गरोदर आहे. मोठ्या मुलासाठी मेंढ्यांच्या शेतावर राहायला जायचं ठरलंय, तिथे सध्या मेंढ्या विताहेत. काळजी घेऊन गेलं तर चालेल ना?

उत्तर : या वेळी जाऊ नका. विणाऱ्या मेंढ्या-शेळ्या, त्यांची वार, नुकती जन्मलेली कोकरं यांतून असे संसर्ग होऊ शकतात की गर्भाला धोका पोचतो. बाहेरून मेंढी निरोगी दिसत असली तरीही. मुलाला वडिलांबरोबर पाठवलंत तर परत आल्यावर त्यांचे कपडे-बूट तुम्ही हाताळायचे नाहीत, आणि त्यांनी हात धुतल्याशिवाय जवळ यायचं नाही. तुमच्या डॉक्टरांशी बोला. कोकरं पुढच्या वर्षीही होणार आहेत.

प्रश्न : १५ वर्षांचा मुलगा म्हणतो, जिथे रेंज नाही तिथे मी येणार नाही. ओढून न्यावं का?

उत्तर : आमच्याकडे अशी बरीच मुलं आली. पहिले दोन दिवस हात उंच करून शेतात फिरायची, मग कुठल्या बांधावर एक काडी रेंज मिळते हे त्यांनाच माझ्यापेक्षा जास्त माहीत असायचं. त्याला खोटं सांगून नेऊ नका, एवढंच. रेंज नाही म्हणजे नाही असं सांगा, आणि मोठ्या माणसाच्या तोडीचं काम द्या. १५ वर्षांच्या मुलाला कोंबड्या मोजायला लावलंत तर तो रुसणारच. त्याला कुंपणाचे खांब रोवायला द्या.

प्रश्न : दहा दिवस फुकट राहून परत येताना यजमानांना पैसे देऊ केले तर त्यांचा अपमान होईल का? मग काय द्यावं?

उत्तर : पैसे नकोत. व्यवहार कामाचा ठरला होता, शेवटी पाकीट पुढे केलं की आधीचे दहा दिवस स्वस्त वाटायला लागतात. पहिल्या दिवशी जाताना काय आणू विचारा. आडबाजूला राहणाऱ्यांची यादी तयारच असते, आणि ती टॉर्चचे सेल, रबरी हातमोजे, गळणाऱ्या नळाचा वॉशर अशीच असते. मला एकीने एकदा फुलदाणी आणली होती. ती अजून आहे, तिच्यात इंजेक्शनच्या सिरिंज ठेवते. निघायच्या आदल्या दिवशी चादरी धुऊन वाळत घाला, कारण तुमच्यामागे दुसऱ्या दिवशी धुवायला तिथे कुणाला वेळ नसतो.

आणि फाटक जसं सापडलं तसंच ठेवायचं : उघडं होतं तर उघडं, लावलेलं होतं तर लावून, कडी बसली का ते हलवून बघून. हे दहाही दिवस पाळतात आणि अकराव्या दिवशी चुकतात. एक कुटुंब आमच्याकडून निघालं ते खिडकीतून हात हलवत, आम्हीही हात हलवत, आणि मागचं फाटक सताड उघडं. आमची दोन वासरं त्यांच्या गाडीमागे पार डांबरी रस्त्यापर्यंत पोचवायला गेली होती.